टपालघर एक, पाट्या अनेक
ई-मेलचे पत्ते, आपल्या संस्था आणि सभासदांचा पैसा



ह्या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत आणि पाण्याच्या पाळ्या ह्यांविषयी लिहितो. ह्या अंकातील विषय वेगळा आहे. ‘शेतकी खात्याचा आणि ई-मेलचा काय संबंध?’ असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट खिशाशी आहे. ऊस नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, काट्याचे वजन, पहिली उचल, वाहतुकीचे बिल, बँकेकडे जाणारी यादी हा सगळा कागद आता संगणकातून ये-जा करतो. गाडी काट्यावर चढली की आपण वजन डोळ्यांनी बघतो, पावती खिशात घालतो, मगच गव्हाणीकडे जातो. मग पैशाचा कागद ज्या वाटेने जातो, ती वाट तेवढीच डोळ्यांखालून घालायला नको का?

आपल्या भागातल्या बऱ्याच विकास सोसायट्या, दूध संस्था आणि पतसंस्था ह्यांचे सचिव आम्हांला शिवारफेरीत भेटतात. ‘आमच्या संस्थेच्या नावाचा ई-मेल हवा, पण त्यासाठी वेगळी यंत्रणा परवडत नाही,’ अशी त्यांची अडचण असते. केंद्र सरकारने २०२२ साली देशातील ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. संगणक आले, येत आहेत. पण पत्ता मात्र अजून पुष्कळ ठिकाणी सचिवाच्या स्वतःच्या फुकट खात्याचा असतो. उद्या सचिव निवृत्त झाला की संस्थेची दहा वर्षांची पत्रे त्याच्याबरोबर घरी जातात. दप्तर संस्थेचे आणि किल्ली माणसाची, हे सहकारात बसणारे नाही.

नावे वेगळी का हवीत

साखर कारखाना आपल्याकडे कधी एकटा नसतो. १९५०–५१ साली लोणीला प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला, आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात कारखान्याच्या सावलीत शाळा, दवाखाने, पतसंस्था, ग्राहक भांडारे, दूध संस्था उभ्या राहत आल्या. सभासद बहुतेक तेच, पण प्रत्येक संस्थेची नोंदणी वेगळी, हिशेब वेगळा, लेखापरीक्षण वेगळे. म्हणून पत्ताही वेगळाच हवा. शाळेच्या फीची चौकशी कारखान्याच्या नावाने आणि कारखान्याच्या निविदा शाळेच्या नावाने जाऊन चालायचे नाही.

ई-मेलच्या पत्त्याला दोन भाग असतात. मधे ‘@’ हे चिन्ह असते. १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन तंत्रज्ञाने ते ह्या कामासाठी निवडले. चिन्हाच्या आधी माणसाचे किंवा टेबलाचे नाव, आणि नंतर संस्थेचे नाव. ह्या संस्थेच्या नावालाच डोमेन म्हणतात. समजा, तीन पत्ते असे आहेत: ‘हिशेब@कारखाना’, ‘हिशेब@पतसंस्था’, ‘हिशेब@शाळा’. आधीचा शब्द एकच, पण माणसे तीन, पेट्या तीन. शिर्डीकरांना हे समजावून सांगायला नको. ‘साई’ ह्या अक्षरांनी सुरू होणारी लॉज आणि दुकाने शिर्डीत किती आहेत! नुसते ‘साई’ म्हणून पार्सल पाठवले तर पोस्टमनने कुठे न्यायचे? पुढचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. ई-मेललाही हाच नियम लागू आहे.

आता प्रश्न येतो तो खर्चाचा. पाच संस्थांची पाच डोमेने, म्हणून पाच सर्व्हर घ्यायचे काय? मुळीच नाही. एकाच सर्व्हरवर पाच काय, पंचवीस डोमेनांचे टपाल सुखाने चालते. ते कसे, हे आपण पिनकोडावरून समजून घेऊ.

नाव एक, वाट दुसरी

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही पद्धत बसवणारे अधिकारी म्हणजे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत पहिले तीन टपालाच्या छाननीची वाट सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय सांगतात. आता आपल्याच राहाता तालुक्यात बघा. शिर्डीचा पिन ४२३१०९, राहात्याचा ४२३१०७. पण त्याच तालुक्यातल्या लोणीचा पिन ४१३७३६. तालुका एक, जिल्हा एक, पण शिर्डीचे आकडे नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडच्या रांगेत बसतात आणि लोणीचे बसत नाहीत. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी पत्राच्या वाटेत फरक पडला नाही. म्हणजे पत्त्यावरचे नाव ही एक गोष्ट आणि टपाल कोणत्या वाटेने कोणत्या कार्यालयात उतरायचे ही दुसरी गोष्ट.

ई-मेलमध्येही नाव आणि वाट अशाच वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रत्येक डोमेनची एक नोंदवही असते. तिला डीएनएस म्हणतात. त्या वहीत ‘एमएक्स’ नावाची एक नोंद असते. ‘ह्या नावाचे टपाल अमुक सर्व्हरवर उतरवावे,’ एवढेच ती सांगते. कारखान्याच्या वहीत, पतसंस्थेच्या वहीत आणि शाळेच्या वहीत एमएक्सची नोंद एकाच सर्व्हरच्या नावाची केली, की तिन्ही संस्थांचे टपाल एकाच टपालघरात येते. दारावर पाट्या तीन, आत इमारत एक.

एक बारकावा इथे ध्यानात ठेवावा. सर्व्हरला स्वतःचे असे एकच नाव असते. त्याच्या आकडी पत्त्यावरून उलटे शोधले, तर तेच नाव निघाले पाहिजे. पुष्कळ मोठी टपालघरे ही खात्री करूनच पत्र घेतात. सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही त्याच नावाचे असते. शाळेचे मुख्याध्यापक मोबाईलमध्ये खाते बसवताना सर्व्हरच्या रकान्यात शाळेचे नाव घालतात आणि ‘प्रमाणपत्र जुळत नाही’ असा इशारा येतो. तिथे सर्व्हरचे स्वतःचे नाव घालावे, आणि वापरकर्त्याच्या रकान्यात पूर्ण पत्ता घालावा, ‘@’ सकट. नुसते ‘हिशेब’ लिहिले तर कोणत्या संस्थेचा हिशेब, हे बिचाऱ्या यंत्राला कळायचे कसे?

टपालघराच्या आत

सर्व्हरच्या आत तीन याद्या असतात. पहिली डोमेनांची: आपण कोणकोणत्या नावांचे टपाल घेतो. दुसरी पेट्यांची: प्रत्येक पूर्ण पत्त्याला एक पेटी आणि एक परवलीचा शब्द. तिसरी वळवणीची: अमुक पत्त्यावर आलेले पत्र तमुक पेटीत टाका. ह्या तीन याद्या नीट असल्या की निम्मे काम झाले. ह्यात पथ्ये अशी:

१. पत्ता टेबलाचा असावा, माणसाचा नसावा. ‘सचिव’, ‘हिशेब’, ‘शेतकी’, ‘भांडार’ अशी नावे घ्यावीत. माणूस बदलला की परवलीचा शब्द बदलायचा, पत्ता तोच राहतो.

२. एक परवलीचा शब्द चार जणांत वाटू नये. एका टेबलावर दोघे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र पेटी द्यावी आणि टेबलाचे पत्र वळवणीने दोघांकडे पोहोचवावे. काही घोटाळा झाला तर कोणी काय पाठवले हे सापडते.

३. ‘कोणत्याही नावाने आलेले पत्र एकाच पेटीत टाका’ अशी सोय करता येते, पण करू नये. त्या पेटीत आठ दिवसांत कचऱ्याचा ढीग होतो आणि कामाचे पत्र त्याखाली सापडत नाही.

४. प्रत्येक डोमेनला ‘पोस्टमास्टर’ ह्या नावाचा पत्ता असलाच पाहिजे आणि तो कोणीतरी वाचला पाहिजे. टपाल अडले तर बाहेरची टपालघरे तिथेच तक्रार करतात.

५. परवलीचा शब्द दिल्याशिवाय आपल्या सर्व्हरवरून कोणालाही बाहेर टपाल पाठवता येता कामा नये. हे दार उघडे राहिले तर जगातले भामटे आपल्याच दारातून आपली गाडी भरून नेतात.

पाठवणाऱ्याची सही

आतापर्यंत येणाऱ्या टपालाचे पाहिले. खरी गोम जाणाऱ्या टपालात आहे. पाकिटाच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. ई-मेलमध्येही मुळात तसेच आहे. ‘प्रेषक: कारखाना, लेखा विभाग’ असे लिहिलेले पत्र दुसऱ्याच कोणी पाठवलेले असू शकते.

समजा, बेण्याचे किंवा यंत्राच्या सुट्या भागांचे बिल द्यायचे आहे. पुरवठादाराच्या नावाने पत्र येते: ‘आमचे बँक खाते बदलले आहे. ह्यापुढची रक्कम नव्या खात्यावर पाठवावी.’ नाव बरोबर, बिलाचा आकडाही बरोबर. लेखनिक घाईत असतो, तो खाते बदलतो आणि रक्कम जाते. चार दिवसांनी खरा पुरवठादार विचारतो, ‘आमचे पैसे कुठे?’ ह्या पद्धतीने जगभर मोठमोठ्या कंपन्या नागवल्या गेल्या आहेत. सहकारी संस्थेत जाणारी रक्कम ही शेवटी सभासदांच्या उसातून आलेली असते.

ह्याला आळा घालण्यासाठी डोमेनच्या वहीत तीन नोंदी करतात. त्यांची नावे इंग्रजी आद्याक्षरांची असली, तरी काम आपल्या ओळखीचे आहे.

पहिली एसपीएफ. आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे, त्याची ही यादी. गेटवरच्या वॉचमनकडे गाड्यांचे नंबर दिलेले असतात, तसे. एका डोमेनला अशी एकच नोंद असावी. दोन केल्या तर दोन्ही निकामी ठरतात.

दुसरी डीकेआयएम. सर्व्हर प्रत्येक जाणाऱ्या पत्रावर एक गुप्त शिक्का उमटवतो आणि तो तपासण्याची खूण डोमेनच्या वहीत जाहीर असते. वाटेत मजकुरात कोणी फेरफार केला तर शिक्का जुळत नाही. सर्व्हर एक असला तरी शिक्का प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र करावा. एकीचा बदलायची वेळ आली, तर दुसरीचे काम अडत नाही.

तिसरी डीमार्क. प्रेषक म्हणून दाखवलेल्या नावाशी वरील दोन्हींपैकी एकही तपासणी जुळली नाही, तर समोरच्याने काय करावे, ते ही नोंद सांगते. सुरुवातीला ‘नुसते कळवा’ असे ठेवावे. येणारे अहवाल काही आठवडे बघावेत. आपलेच एखादे खरे पत्र अडत नाही ना, हे पाहून मग ‘बाजूला ठेवा’ आणि शेवटी ‘नाकारा’ असे करावे. पहिल्याच दिवशी ‘नाकारा’ लिहिले, तर आपलीच पत्रे गेटवरून परत यायची.

ह्या नोंदी प्रत्येक डोमेनसाठी वेगळ्या कराव्या लागतात. कारखान्याच्या केल्या म्हणून पतसंस्थेच्या आपोआप होत नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू ह्या कंपन्यांनी आपल्याकडे येणाऱ्या टपालासाठी प्रेषकाच्या ओळखीचे नियम कडक केले. ओळख न जुळणारी पत्रे त्या कचऱ्याच्या पेटीत टाकतात किंवा परत करतात. संस्थेने वार्षिक सभेची नोटीस पाठवली आणि ती सभासदाच्या कचऱ्यात गेली, तर ती मिळाली नाही असेच म्हणायचे.

जे डोमेन नुसते नावापुरते घेतले आहे, ज्यावरून एकही पत्र जात नाही, त्याच्याही वहीत ‘ह्या नावाने कोणीही पत्र पाठवत नाही’ अशी नोंद करावी. पडीक रानाला कुंपण नसले की त्यात कोणाचीही जनावरे शिरतात.

एकत्र नांदण्यातला धोका

एका सर्व्हरवर सगळे ठेवले म्हणजे खर्च वाचतो आणि एकच जाणकार सगळे बघू शकतो. पण त्यात जोखीमही आहे, आणि ती आम्ही सभासदांपासून लपवणार नाही. काणी लागलेले बेणे एका प्लॉटातून आणले तर ज्याच्या ज्याच्या शेतात गेले, त्याच्या त्याच्या शेतात काणी दिसते. इथेही तसेच. शाळेतल्या एकाच पेटीचा सोपा परवलीचा शब्द भामट्याला सापडला, त्याने रातोरात हजारो पत्रे सोडली, तर बाहेरची टपालघरे सगळ्या सर्व्हरलाच काळ्या यादीत टाकतात. चूक एका पेटीची, पण कारखान्याचे आणि पतसंस्थेचेही टपाल अडते.

म्हणून एका पेटीतून तासाला किती पत्रे जाऊ शकतात ह्याला मर्यादा घालावी. परवलीचे शब्द लांब असावेत, आणि जिथे शक्य तिथे मोबाईलवर येणारी दुसरी खूणही मागावी. पत्रांची प्रत रोज दुसऱ्या जागी ठेवावी. त्याच खोलीत ठेवलेली प्रत आगीत मूळ दप्तराबरोबरच जाते. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून पत्रे खरोखर परत निघतात का, हे करून पाहावे.

दुसरी जोखीम डोमेनच्या मालकीची आहे. डोमेन हे विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि आपल्या नावाने येणारी पत्रे त्याच्या पेटीत पडतात. सबब, डोमेनची नोंद संस्थेच्याच नावावर असावी. बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या किंवा एखाद्या संचालकाच्या नावावर नसावी. मुदतीची तारीख संस्थेच्या सभावृत्तात लिहून ठेवावी.

घरचे की भाड्याचे

स्वतःचा सर्व्हर ठेवावा की नाही? आमचे मत सरळ आहे. रोज लक्ष घालणारा पगारी माणूस असेल तरच घरचा ठेवावा. नसेल तर भाड्याची सेवा घ्यावी. तिथेही एका खात्यात अनेक डोमेने बसतात, आणि वर सांगितलेल्या वहीतल्या नोंदी तिथेही आपल्यालाच कराव्या लागतात. कराराआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: पेटीमागे आकार किती, प्रत कुठे ठेवणार, आणि उद्या सेवा सोडली तर सगळी पत्रे आमच्या हाती कशी देणार.

एवढा खटाटोप करून पत्र सभासदापर्यंत पोहोचले नाही, तर सारे व्यर्थ. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणेचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे निघाली. तिथे शेतकऱ्यांचे मुख्य काम उसाचे वजन आणि खताची माहिती विचारणे, हेच राहिले. पुढे त्याच भागात सात गावांत मोबाईलच्या लघुसंदेशावर तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. त्यातून आम्ही घेतलेला धडा असा, की साधन कोणतेही असो, शेतकऱ्याला आपल्या उसाचा आकडा वेळेवर आणि खात्रीचा हवा असतो. ई-मेल ही संस्थांची आपसांतली वाट, लघुसंदेश ही सभासदाची वाट, आणि पावती हा शेवटचा पुरावा. तिन्ही ठिकाणचा आकडा एकच हवा.

सभासदांसाठी पाच गोष्टी

१. पत्र आले की प्रेषकाचे नाव वाचून थांबू नका. ‘@’ नंतरचे अक्षर न् अक्षर वाचा. एक अक्षर इकडचे तिकडे करून भामटे हुबेहूब दिसणारे नाव घेतात.

२. बँकेच्या नावात एक खूण आता ठरली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली आदेश काढून सर्व बँकांना, त्यांत जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकाही आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ ह्या शेवटाच्या नावावर न्यायला सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. बँकेच्या पत्रातल्या दुव्याचा शेवट वेगळा दिसला तर तो उघडू नका, शाखेत विचारा.

३. बँक खाते बदलण्याचा निरोप कोणीही, कोणत्याही पत्राने दिला, तरी आधीपासून माहीत असलेल्या फोनवर विचारल्याशिवाय किंवा समक्ष गेल्याशिवाय मानू नका. त्या पत्रात दिलेल्या फोनवर विचारू नका. तो भामट्याचाच असतो.

४. परवलीचा शब्द आणि मोबाईलवर आलेले आकडे कोणालाही सांगू नका. आमच्या चिटबॉयने मागितले तरी नाही. आमचा माणूस ते मागणारच नाही.

५. फसवणूक झालीच, तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० ह्या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच थांबवण्याची संधी असते.

सोसायट्या, दूध संस्था आणि पतसंस्था ह्यांच्या सचिवांनी आपापल्या संचालक मंडळापुढे दोन प्रश्न ठेवावेत, अशी आमची विनंती आहे: आपल्या संस्थेचे नाव कोणाच्या नावावर नोंदलेले आहे? आणि आपल्या नावाने दुसऱ्याने पत्र पाठवले, तर ते कुठे अडेल? दोन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत विषय बंद करू नये. सभासदांनीही वार्षिक सभेत हे विचारावे. साखरेच्या पोत्याचा हिशेब आपण मागतो, तसाच पत्त्याचाही मागायचा आपल्याला हक्क आहे.

पुढील अंकात खोडव्याचे खत आणि पाचट व्यवस्थापन ह्यांविषयी लिहू.

— ऊस विकास विभाग